नाशिकमधून परदेशी विद्यापीठासाठी अर्ज : सुरुवात अकरावीच्या प्रवेशापासून

दहावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या घरांत दोनच प्रश्न चर्चेला असतात : कॉलेज कोणते आणि क्लास कोणता. बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेतील एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन किंवा ब्रिटनमधील ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा विद्यापीठांकडे अर्ज करण्याचा विचार ज्या विद्यार्थ्याच्या मनात आहे, त्याच्या अर्जाचा पहिला निर्णय याच आठवड्यांत होऊन जातो आणि बहुतेक वेळा तो नकळत चुकतो. ही विद्यापीठे गुणपत्रिका पाहून थांबत नाहीत. ज्यांनी तुम्हाला वर्गात शिकवले, तुमचे प्रश्न ऐकले, तुमची चुकलेली गणिते तपासली, त्या शिक्षकांनी तुमच्याविषयी सविस्तर लिहावे अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्याकडची रूढ वाट मात्र अशी आहे की नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात नोंदवायचे, दिवसभर कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये बसायचे आणि कॉलेजात केवळ प्रात्यक्षिकांना व परीक्षेला जायचे. दोन वर्षांनी अर्जाची वेळ येते, तेव्हा या विद्यार्थ्याला चेहऱ्याने ओळखणारा एकही शिक्षक त्या कॉलेजात नसतो.

मी काही वर्षे नाशिक शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना अशा अर्जांत मदत करत आलो आहे. हुशारी कमी पडल्यामुळे अर्ज दुबळा झाला, असे मी क्वचितच पाहिले. ओळखणारा शिक्षक नाही, नववीचे निकालपत्रक मिळत नाही, बारावीची सहामाही दिलीच नाही, अशा कारणांनी चांगल्या मुलांचे अर्ज अडलेले मात्र वारंवार पाहिले आहेत. म्हणून हे मार्गदर्शन निबंधापासून नव्हे, तर अकरावीच्या पसंतीक्रमापासून सुरू करतो.

त्याआधी शक्यतेचा अंदाज घ्यावा. २०२४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी एमआयटीकडे सुमारे २८ हजार अर्ज आले आणि त्यांतून १,३०० पेक्षाही कमी विद्यार्थ्यांची निवड झाली. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत, आणि अमेरिकेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी हे प्रमाण याहूनही कमी असते. जेईईत आपला क्रमांक कुठे येईल याचा अंदाज सराव परीक्षांवरून बांधता येतो, तसा तो येथे बांधता येत नाही. त्यामुळे अर्ज जरूर करावा, पण भारतातील एकही परीक्षा त्यासाठी सोडू नये.

अकरावीचा पसंतीक्रम आणि रोजचा वर्ग

अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येते. ती भरताना मागील वर्षीचा कट-ऑफ सगळेच पाहतात. त्याआधी कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन बारावीचे तास खरोखर होतात का, प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः प्रयोग करतात की जर्नल उतरवून घेतात, आणि इंग्रजी किंवा मराठीचे शिक्षक निबंध तपासून परत देतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. कट-ऑफ दोन-तीन टक्क्यांनी कमी असलेले, पण तास नियमित होणारे कॉलेज या अर्जासाठी केव्हाही अधिक उपयोगाचे ठरते. विषय निवडताना गणित सोडू नये आणि शक्य असेल तर जीवशास्त्रही ठेवावे, कारण एमआयटीसारख्या संस्था भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि कलनापर्यंतचे (कॅल्क्युलसपर्यंतचे) गणित झालेले असावे असे सुचवतात. राज्य मंडळाच्या बारावीत कलन असतेच, त्यामुळे त्या बाबतीत आपली मुले मागे नाहीत.

ज्यांनी आधीच ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत, म्हणजे नाव कॉलेजात आणि तास क्लासमध्ये अशा वाटेने, प्रवेश घेतला आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही; पण आठवड्यातून निदान दोन दिवस तरी कॉलेजात जाऊन एका विज्ञान शिक्षकाच्या आणि एका भाषा शिक्षकाच्या तासाला बसण्याची परवानगी आग्रहाने मागून घ्यावी. दहावीपर्यंत ज्यांनी शिकवले त्या शाळेतील शिक्षकांशी संबंध टिकवणे हा दुसरा मार्ग. विद्यापीठांना शेवटच्या दोन वर्षांतले शिक्षक अधिक रुचतात हे खरे; तरी जो शिक्षक विद्यार्थ्याला चांगले ओळखतो त्याचे पत्र, ओळख नसलेल्या बारावीच्या शिक्षकाच्या पत्रापेक्षा उजवे असते.

ब्रिटनचा विचार करणाऱ्यांनी याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासायची आहे. राज्य मंडळाची बारावी आपल्या अभ्यासक्रमासाठी पुरेशी धरली जाते का, की सोबत आणखी काही परीक्षा द्याव्या लागतात, हे त्या विद्यापीठाच्या भारतीय अर्जदारांसाठीच्या पानावर अकरावीच्या प्रवेशाआधीच वाचावे. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये ते समजून उपयोग नसतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. त्यांचा अर्ज यूकास या सामाईक व्यवस्थेतून जातो आणि त्याची अंतिम मुदत १५ ऑक्टोबरला ब्रिटनमधल्या सायंकाळी ६ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते.

दुतोंड्या मारुती आणि वही

अमेरिकी अर्जात ‘वर्गाबाहेर काय करता’ या प्रश्नाला मोठे वजन असते. अनेक अमेरिकी विद्यापीठे वापरत असलेल्या कॉमन अॅप या सामाईक अर्जात दहा उपक्रमांची जागा आहे आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा आहे. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे आणि त्यात फक्त चारच उपक्रम विचारले जातात. या एका आकड्यातून त्यांचा कल पुरेसा स्पष्ट होतो. तरीही बारावीच्या जूनमध्ये पालक धावपळ करून प्रमाणपत्रे गोळा करू लागतात : दोन दिवसांची कार्यशाळा, पैसे भरून मिळालेली ‘इंटर्नशिप’, वाढदिवसाला वाटलेल्या वह्यांचे फोटो. अशा कागदांचा अर्ज वाचणाऱ्यावर परिणाम होत नाही, कारण त्याने असे हजारो कागद पाहिलेले असतात.

परिणाम कशाचा होतो, ते नाशिकच्याच एका उदाहरणाने सांगतो. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे आणि पावसाळ्यात पुराचे पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत आले, यावरून नाशिककर पुराचे मान सांगत आले आहेत. समजा, एखाद्या मुलीने नववीपासून चार पावसाळे गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाचे क्युसेकमधले आकडे रोज वर्तमानपत्रातून टिपले, घाटावर जाऊन त्या-त्या वेळी पाणी मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत आले हे लिहून ठेवले, धरणातून पाणी सुटल्यावर घाटावर चढायला किती तास लागतात याचा हिशेब मांडला, आणि तिसऱ्या वर्षी लक्षात आले की आपला हिशेब शहरात पडलेला पाऊस व नाल्यांचे पाणी धरतच नव्हता. या कामाला प्रमाणपत्र नाही, शुल्क नाही, मोठी प्रयोगशाळाही नाही. पण प्रश्न तिचा स्वतःचा आहे, काम दीर्घकाळ चाललेले आहे, त्यात चूक सापडली आहे आणि ती दुरुस्त केलेली आहे. निवड समितीला विद्यार्थ्यात जे पाहायचे असते, ते एवढ्यात पूर्ण दिसते.

असे विषय आपल्याकडे कमी नाहीत. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातील मुलाला ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी हे रोग केव्हा येतात, कोणत्या हवेत फवारणी वाया जाते, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. त्याने तापमान, दव आणि फवारणीची तीन हंगामांची वही ठेवली तर ती उत्तम शास्त्रीय नोंद होते. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) शहरापासून फार दूर नाही आणि तेथे हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची मोजणी शाळकरी मुलालाही करता येते. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये वडिलांसोबत लेथवर बसणारा मुलगा, रविवार कारंजाजवळचे दुकान सांभाळणारी मुलगी, ढोलपथकात चार वर्षे सरावाला जाऊन नंतर नव्या मुलांना ताल शिकवणारा विद्यार्थी, आजारी आजीचे औषधपाणी रोज पाहणारा नातू, यांपैकी कोणीही ‘माझ्याकडे उपक्रम नाहीत’ असे म्हणू नये. कॉमन अॅपमध्ये घरातील जबाबदारी आणि पगारी काम यांसाठी वेगळे वर्गच दिलेले आहेत. घरचे काम अर्जात लिहिणे म्हणजे गरिबी दाखवणे, असा संकोच आपल्या मुलांत फार असतो आणि तो मनापासून काढून टाकावा असे मला वाटते.

स्पर्धा परीक्षांपैकी ऑलिंपियाडची वाट खरोखर अर्थपूर्ण आहे. गणितासाठी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा पहिली पायरी, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांसाठी इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स नोव्हेंबरच्या सुमारास पहिली फेरी घेते. पुढचे टप्पे मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. अकरावीत एकदा तरी या परीक्षेला बसावे. निवड झाली नाही तरी त्या प्रश्नांवर घालवलेले महिने पाठांतराच्या सवयीवर चांगला उतारा ठरतात.

कागदपत्रे : दिवाळीच्या आधी

सर्वाधिक त्रास ज्यात होतो त्याकडे आता वळतो. अमेरिकी विद्यापीठे नववी ते बारावी या चार वर्षांचे गुण मागतात. त्यांच्याकडे ही चार वर्षे एकाच शाळेत होतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात. त्यामुळे दोन संस्थांकडून कागद गोळा करावे लागतात आणि दोन्हीकडच्या कार्यालयांना हा प्रकार नवीन असतो. दहावीची गुणपत्रिका मंडळाची असते, ती मिळते. नववीचे प्रगतिपुस्तक मात्र बहुतेकांच्या घरी नसते, आणि शाळेतील निकालपत्रकावरून त्याची प्रत काढून घ्यावी लागते. हे काम दहावीनंतर शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी करावे. मराठी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजीच्या शाळेचा कागद मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह, शाळेच्या लेटरहेडवर मागावे.

कॉलेजकडून तीन गोष्टी लागतात : अकरावीचे गुण, बारावीच्या झालेल्या चाचण्यांचे आणि सहामाहीचे गुण, आणि संस्थेची ओळख करून देणारे एक पान. हे तिसरे पान आपल्याकडे कोणाकडेच तयार नसते, म्हणून विद्यार्थ्याने नम्रपणे त्याचा मसुदा प्राचार्यांना देण्यास हरकत नाही. त्यात केवळ संस्थेची माहिती असते, विद्यार्थ्याची स्तुती नसते. मंडळाचे नाव, माध्यम, शाखेतील विद्यार्थिसंख्या, कोणते विषय घेता येतात, ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य आणि ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, कॉलेजातील किती विद्यार्थ्यांना विज्ञान शाखेत ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळाले, एवढी माहिती त्यात असावी. अकरावीत ७८ टक्के म्हणजे चांगले की साधारण, हे परदेशातील वाचकाला या पानाशिवाय कळत नाही. आपल्या अनेक कॉलेजांत अकरावीचे पेपर काटेकोर तपासतात आणि गुण कमी पडतात. वर्गातील सर्वोच्च गुण किती होते ते नमूद केले, तर विद्यार्थ्यावर अन्याय होत नाही.

अमेरिकेतील लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. आपली दिवाळी त्याच्या मागे-पुढेच येते आणि सुट्टीत कॉलेजचे कार्यालय बंद राहते. एका वर्षी माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीचा सगळा अर्ज तयार होता, पण सही करणारे अधिकारी गावी गेले होते आणि शिक्का कपाटात कुलूपबंद होता. मुदत गेली आणि तिला जानेवारीच्या फेरीत जावे लागले. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की कागदपत्रांसाठी आपली अंतिम तारीख घटस्थापना धरावी. कॉलेजला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि दोन प्रती जास्त मागाव्यात.

नावाचा घोळ हा महाराष्ट्राचा खास प्रश्न आहे. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव स्वतंत्र ओळीत येते. पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी मधल्या नावात असते, कधी नसते. एसएटी ही अमेरिकी प्रवेशासाठीची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, अर्ज आणि आर्थिक मदतीचा फॉर्म या सर्व ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने टाकावे. नाहीतर दोन वेगवेगळ्या नावांचे गुण एका अर्जाला जोडले जात नाहीत. म्हणून पासपोर्ट दहावीच्या सुट्टीतच काढावा. पंधरा ते अठरा वर्षांच्या अर्जदाराला दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. तसा पर्याय निवडला नाही, तर अठराव्या वर्षी, म्हणजे नेमक्या व्हिसाच्या धावपळीत, तो संपतो.

शिफारसपत्र

एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रे लागतात : एक गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांचे आणि दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्यांचे. दुसऱ्या पत्रासाठी मराठीच्या शिक्षिकाही चालतात, हे आपल्या मुलांना सुचत नाही. ज्या बाईंनी वर्षभर तुमचे निबंध वाचले, वादविवाद स्पर्धेला तयारी करून घेतली, त्या तुमच्याविषयी जे लिहू शकतील ते इंग्रजीचा तास नावापुरता घेणाऱ्या शिक्षकांना लिहिता येणार नाही. त्यांना इंग्रजीत लिहिणे जड जात असेल, तर त्यांनी मराठीत लिहावे आणि कुटुंबाबाहेरच्या जाणत्या व्यक्तीकडून भाषांतर करून मूळ पत्रासह पाठवावे.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागेल. शिक्षकांवर कामाचा भार मोठा असतो, त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण हे मान्य करू नये. एक तर तो खोटेपणा आहे. शिवाय विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले पत्र ओळखू येते, कारण त्यात ‘मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय’ अशी विशेषणे असतात आणि एकही प्रसंग नसतो. शिक्षकांना सांगावे, “सर, पत्र तुम्हीच लिहा, मी तुम्हाला आठवणीसाठी एक पान देतो.” त्या पानावर स्तुती न लिहिता त्यांच्या वर्गात घडलेले चार-पाच प्रसंग तारखांसह लिहावेत : कोणते गणित दोन दिवस सुटले नव्हते आणि मग कोणत्या रीतीने सुटले, प्रयोगात कोणते वाचन चुकले होते आणि तुम्ही काय विचारले होते, कोणत्या मित्राला तुम्ही ऑफ तासाला शिकवत होता. त्यांतले काय घ्यायचे ते शिक्षक ठरवतील.

पत्र शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन भरायचे असते आणि त्यासाठी त्यांच्या ई-मेलवर दुवा जातो. ते पत्र वाचण्याचा हक्क आपण सोडतो, असे विद्यार्थ्याने अर्जात नोंदवायचे असते आणि ते नोंदवावेच, कारण त्याने पत्राची विश्वासार्हता वाढते. विनंती जुलैमध्ये करावी, सप्टेंबरमध्ये एकदा आठवण द्यावी, आणि शिक्षकांना अडचण आली तर शेजारी बसून दुवा उघडून द्यावा, मजकूर मात्र पाहू नये. निकाल काहीही लागला तरी पेढे घेऊन भेटायला जावे.

एसएटी आणि इंग्रजी

यावर फार लिहिण्यासारखे नाही. एमआयटीने एसएटीची अट २०२२ मध्ये परत आणली आणि त्यानंतर हार्वर्डसह इतर काही विद्यापीठांनीही ती परत आणली. परीक्षा १,६०० गुणांची, लॅपटॉपवर, सव्वादोन तासांच्या आसपास असते. जेईईची तयारी करणाऱ्याला गणिताचा भाग सोपा जातो. वाचन आणि लेखनाच्या भागाला मात्र तीन-चार महिन्यांची तयारी लागत नाही, तर दोन वर्षांचे वाचन लागते. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच शहरात आहे. आठवड्याला एक इंग्रजी पुस्तक आणि रोज एक अग्रलेख एवढा नेम अकरावीच्या जूनपासून ठेवला तर वेगळा क्लास लावावा लागत नाही. परीक्षा अकरावीच्या मार्च ते जूनच्या दरम्यान द्यावी, म्हणजे ऑगस्टमध्ये आणखी एक संधी हाती राहते. केंद्र मुंबईत किंवा पुण्यात मिळाले, तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून आठच्या आत परीक्षा केंद्रावर पोहोचता येत नाही. मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.

इंग्रजी प्रावीण्यासाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी काय चालते ते प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावे. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांनी ही परीक्षा टाळू नये, कारण गुण चांगले आले की माध्यमाविषयीची शंका तेथेच मिटते.

निबंध

कॉमन अॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. एमआयटी त्याऐवजी छोट्या उत्तरांचे अनेक प्रश्न विचारते. आपल्या मुलांचे पहिले खर्डे मी वाचतो तेव्हा त्यांत ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ हे वाक्य आणि त्यापाठोपाठ राष्ट्रपती कलामांचे नाव जवळजवळ ठरलेले असते. कलामांविषयीचा आदर खराच असतो, पण त्यातून त्या मुलाविषयी काहीच समजत नाही.

माझी पद्धत अशी आहे. पहिला खर्डा मराठीत लिहावा, तोही निबंधासारखा नव्हे, तर घरी आलेल्या मावशीला एखादी गोष्ट सांगावी तसा. मराठीत लिहिताना मूल अवघड शब्दांच्या मागे लपत नाही आणि घडले ते घडले तसे सांगते. दोन दिवसांनी तो कागद बाजूला ठेवून, त्याचे भाषांतर न करता, तीच गोष्ट इंग्रजीत नव्याने लिहावी. वर सांगितलेल्या, पुराची वही ठेवणाऱ्या मुलीने नदी, संस्कृती आणि वारसा यांवर लिहू नये. तिसऱ्या पावसाळ्यात आपला हिशेब चुकला हे लक्षात आले त्या दिवशी ती घाटावर कुठे उभी होती, वहीत काय लिहिले होते, घाटावरच्या फुलविक्रेत्या आजींनी ‘पाणी वरून नाही, बाजूने पण येतं’ असे काय सांगितले, आणि त्यानंतर तिने हिशेब कसा बदलला, एवढेच लिहावे.

निबंध दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. यात पैसे घेऊन लिहून देणारे सल्लागारही आले आणि एआयची साधनेही आली. निबंधाचा सूर, शिक्षकांच्या पत्रातला विद्यार्थी आणि मुलाखतीत बोलणारा विद्यार्थी हे तीन वेगळे दिसले, तर शंका येते, आणि अशा ठिकाणी शंका आली की पुढचा अर्ज उचलला जातो. शुद्धलेखन आणि व्याकरण कोणाला दाखवणे योग्य आहे. ‘हे वाक्य मला समजले नाही’ एवढे सांगणारा एक प्रामाणिक वाचक, मग तो मोठा भाऊ असो की शिक्षक, पुरेसा असतो.

सल्लागारांविषयी इतकेच सांगतो की प्रवेशाची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये, कारण अशी हमी कोणालाच देता येत नाही. अमेरिकी शिक्षणाविषयी एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्लासेवेकडून मिळणारा सल्ला विनामूल्य असतो आणि त्यांचे केंद्र मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयात आहे.

पैशाचा प्रश्न

अमेरिकेतील अशा विद्यापीठात शिक्षण, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा पूर्ण खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. हा आकडा ऐकून बहुतेक पालक विषय तेथेच संपवतात, आणि ज्यांनी संपवू नये असे अनेक पालक त्यांत असतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करतानाही कुटुंबाची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर कुटुंबाला जेवढे परवडत नाही तेवढी मदत देतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितली तर निवडीची शक्यता कमी होते. यादी करताना हा फरक पहिल्याच रकान्यात लिहावा. कॉर्नेलमध्ये भारतीय नागरिकांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, त्यामुळे पदवीच्या हिशेबात ती धरू नये. काही विद्यापीठांच्या लवकरच्या फेरीत निवड झाल्यास तेथेच जाणे बंधनकारक असते. मदतीचा आकडा इतरांशी ताडून पाहणे गरजेचे असलेल्या कुटुंबाने त्या फेरीत जाऊ नये. एमआयटीची लवकरची फेरी बंधनकारक नाही.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात शेतकरी कुटुंबांची खरी अडचण होते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांकडे आयकर विवरणपत्र नसते. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा इंग्रजी भाषांतरासह जोडावा. सातबाऱ्यावरची जमीन मालमत्ता म्हणून दाखवावी लागते आणि नाशिकजवळच्या जमिनीचा बाजारभाव पाहून कुटुंब श्रीमंत वाटू शकते. म्हणून सोबत एका पानाचे पत्र द्यावे : जमीन किती भावांच्या नावे आहे, तीच उपजीविकेचे साधन कशी आहे, शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, आणि गारपिटीच्या किंवा भाव पडलेल्या वर्षी हातात किती राहिले. काही लपवू नये आणि काही फुगवू नये. तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडले की वस्तुस्थिती आपोआप दिसते. अर्जशुल्क जड जात असेल तर शुल्कमाफी मागता येते आणि ती मागितल्याने निवडीवर परिणाम होत नाही.

अर्ज गेल्यानंतर

लवकरच्या फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतात आणि नियमित फेरीचे मार्चमध्ये. एमआयटी त्यासाठी १४ मार्च ही पायची (३.१४) तारीख निवडते. या दरम्यान पूर्वपरीक्षा, जेईई मेन, प्रात्यक्षिके आणि बारावीची लेखी परीक्षा असे सगळे येते. नियमित फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणून ज्यांनी नोव्हेंबरची फेरी चुकवली त्यांनी उरलेले निबंध नाताळच्या आधी संपवावेत आणि त्यानंतर केवळ बोर्डाचा अभ्यास करावा.

मुलाखतीसाठी त्या विद्यापीठाचा एखादा माजी विद्यार्थी बहुधा व्हिडिओवर बोलतो. तो परीक्षा घेत नाही. तुमच्या कामाविषयी, वाचनाविषयी, शहराविषयी विचारतो. त्या आठवड्यात आपली वही एकदा वाचून काढावी, एवढी तयारी पुरते.

फेब्रुवारीत एमआयटी अर्जदारांकडून बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण मागते. क्लासच्या टेस्ट सिरीजसाठी कॉलेजची सहामाही बुडवलेल्या विद्यार्थ्याकडे त्या वेळी दाखवायला काहीच नसते, म्हणून ती परीक्षा गांभीर्याने द्यावी आणि तिचे गुण लेटरहेडवर घेऊन ठेवावेत. निवड झाली तर होकार कळवण्याची मुदत साधारणपणे १ मे असते, आणि आपला बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. तो लागल्यावर मंडळाची गुणपत्रिका कॉलेजमार्फत पाठवावी लागते, तेव्हा पुन्हा तेच कार्यालय, तोच शिक्का आणि पुन्हा सुट्टीचे दिवस. मार्चमध्ये निवडीचे पत्र येताच प्राचार्यांना भेटून मे-जूनमध्ये सही कोण करणार आहे ते विचारून ठेवावे, आणि त्याच भेटीत एमएचटी-सीईटीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांच्या प्रतीही काढून घ्याव्यात, कारण व्हिसा हातात येईपर्यंत इथली जागा सोडायची नसते.